बरोबरी झाली तर ताटं दोघांनी

रवि. ७ डिसें.

गणपतीनंतर इथे एक ओळ नाही. वहीची माफी मागायची तर कारण द्यायला हवं, आणि धड कारण नाही. वेळ नव्हता असंही नाही. लिहायला बसलं की दादाचंच लिहिलं जातं, आणि त्याचं लिहिता लिहिता मी बरोबर आणि तो चूक असं आपोआप होत जातं. दुसऱ्या दिवशी ते वाचवत नाही. म्हणून बंद होतं.

आज तो आला होता. म्हणजे खाली आला होता. घोटीहून टेम्पो, नव्या इंद्रायणीचं पोतं. पोतं पार्किंगमध्ये टेकवलं, प्र.ला फोन केला, "भाऊजी, तांदूळ ठेवलाय." प्र. खाली पळाला. आई वॉकर सरकवत बाल्कनीत. तिथूनच विचारलं, जेवलास का. हो म्हणाला. वर ये की. तर म्हणे टेम्पो लावायला जागा नाही, रस्ता खोदलाय. रस्ता खरंच खोदलाय. पण रस्ता नव्हता खोदला तेव्हाही तो वर येत नव्हता.

आई आत आल्यावर म्हणाली, "मला त्याचं टक्कलच दिसतं वरून. तोंड कसं झालंय कुणास ठाऊक."

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आईचे गुडघे पावसाळ्यापासून गेले, तीन मजले उतरणं आता होत नाही. ती खाली जाऊ शकत नाही, तो वर येत नाही. दोघांत एवढंच अंतर आहे आणि ते कसं मिटवायचं ते मला कळत नाही.


मंगळ. ९

जर्नल्स तपासून झाल्या. रसायनशास्त्र शिकवण्यापेक्षा मुलांचं अक्षर लावणं कठीण.

प्र.ने व्हॉट्सॲपवर आलेली एक यादी दाखवली. शुक्रवारपासून इंदिरानगरच्या एका मंगल कार्यालयात खुली बुद्धिबळ स्पर्धा. नोंदवलेल्या खेळाडूंत दादाचं नाव. मला माहीतही नव्हतं की तो अजून स्पर्धा खेळतो. मी शेवटची कधी खेळले तेही आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत नाव दिलं. देताना स्वतःला विचारलं, खेळायला चाललीस की त्याला गाठायला? खेळायला, असं उत्तर आलं. फार पटकन आलं.

आईला सांगितलं नाही की तोही आहे. हे खोटं बोलणं होतं का?


शुक्र. १२

दोन फेऱ्या. एक जिंकले, एक हरले. कार्यालयात कालच्या लग्नाची सजावट तशीच होती. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या, त्यांत पंच बसलेले. थंडी इतकी की माझ्यासमोरचे गृहस्थ हातमोजे घालून खेळले. एकदा त्यांनी घोडा उचलला तर शेजारचा हत्तीही बरोबर आला.

दादा पलीकडच्या रांगेत. चष्मा बदललाय. चहाच्या टेबलाशी समोरासमोर आलो. "आई बरी?" "बरी." साखर माझ्याकडे सरकवली आणि गेला. मी साखर सोडून चार वर्षं झाली, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. दोन चमचे घालून प्यायले.


शनि. १३

तीन फेऱ्या, डोकं दगड झालंय. साडेतीन गुण. दादाचेही साडेतीन. पटावरून उठता उठता त्याचा निकाल बघून येते, हे दुसऱ्यांदा करताना माझ्याच लक्षात आलं.

आईने विचारलं, कुणाकुणाशी खेळलीस. सांगितलं. एक ओझरचा शाळकरी मुलगा, एक देवळाली कॅम्पचा निवृत्त सुभेदार, एक कॉलेजातली मुलगी. ती म्हणाली, "घोटीचं कुणी नव्हतं?"

म्हटलं, "आहे ना."

"हां," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.


रवि. १४, दुपार

सकाळी सहावी फेरी, मी बरोबरीत सुटले, तोही. शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या. संगणक लावतो, त्याला कुणाचं काय माहीत. पट क्र. ९. पांढरे मी, काळे दादा.

डबा उघडलाय पण खाववत नाही. म्हणून हे लिहिते आहे, स्टेजमागच्या खोलीत, जिथे नवरीला सजवतात तिथे.

अण्णांनी आम्हा दोघांना एकच सुरुवात शिकवली. राजाचं प्यादं दोन घरं, मग चारही घोडे बाहेर. पुस्तकातही तिला चार घोड्यांचा डावच म्हणतात. अण्णा शाळेत शिकवून आले की जेवणाआधी एक डाव, दादा आणि मी. हरेल त्याने सगळ्यांची ताटं मांडायची, हा नेम. बरोबरी झाली तर दोघांनी मिळून. दादा मोठा, त्यामुळे घोटीच्या घरात कित्येक वर्षं ताटं मीच मांडली.

या डावात एक फाटा आहे. पांढऱ्याचा उंट पुढे आला की काळा आपला घोडा पटाच्या मध्यात टाकतो, उंटाच्या अंगावर. पांढऱ्याने घोड्याने घोडा मारला की मारामारी होऊन पट साफ होतो आणि कुणालाच काही उरत नाही. अण्णा त्याला तहाचा डाव म्हणत. भूक लागली असली की आम्ही मुद्दाम तो खेळायचो.

तो काय खेळेल? मी काय खेळावं असं त्याला वाटत असेल? घंटा झाली.


रवि. १४, संध्याकाळ

बरोबरी.

आधी तेवढंच लिहून ठेवते. हात अजून गार आहेत पण बरं वाटतंय, फार बरं वाटतंय. आता क्रमाने.

हात मिळवले. त्याचा हात खरबरीत, तांदळाच्या कोंड्याचा वास. राजाचं प्यादं. त्यानेही. घोडे आले, चारही. मी उंट पुढे टाकला. टाकताना कळत होतं की हा आता त्याला विचारलेला प्रश्न आहे. तो बराच वेळ बसला. चष्मा काढून पुसला. मग घोडा मध्यात.

तह.

मला घोडा मारायचा होता. हात उचललासुद्धा, पण शिवले नाही, नाहीतर खेळावंच लागलं असतं. स्पर्धेचा नियम होता, तीस चालींच्या आत आपसांत बरोबरी नाही, पण मारामारी झाल्यावर रिकाम्या पटावर तेवढ्या चाली सहज सरकवता आल्या असत्या. काहीही न बोलता, न भांडता हात मिळवून तो घोटीला, मी घरी. पार्किंगमध्ये पोतं ठेवल्यासारखं. मला ते नको झालं. उंट मागे घेतला.

त्याने वर पाहिलं. एकदाच.

त्यानंतर तो असा खेळला की मला लहानपण आठवलं. मी त्याचं एक प्यादं खाल्लं, पण त्याची सगळी फौज माझ्या राजाकडे वळली. मी तह नाकारला असंच त्याने धरलं असणार. मला सांगायचं होतं की तसं नाही. पण पटावर बोलता येत नाही, आणि चालींनी ते सांगता येईना. तीस चाली केव्हाच होऊन गेल्या. मी राजा कोपऱ्यात सरकवला, घड्याळ दाबलं, आणि दाबल्या क्षणी दिसलं. हत्तीचा शह. राजा हलवावाच लागणार आणि मग माझा वजीर जाणार. सोपं होतं. ओझरच्या त्या मुलालाही दिसलं असतं.

मी मान खाली घातली. चाली लिहिण्याच्या कागदावर उगाच रेघा मारल्या. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून. मग वाटलं, हेही एक प्रकारचं फसवणंच ना?

दादा हनुवटीवर मूठ ठेवून बसला होता. अण्णा बसायचे तसा. मग त्याने हत्तीला हात न लावता उंट एक घर मागे घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "ड्रॉ?"

मग घड्याळ दाबलं. सगळं नियमानुसार, आधी चाल, मग विचारणं, मग घड्याळ.

मी हो म्हटलं. विचार न करता. की करून?

सह्या करताना तो म्हणाला, "उंट मागं का घेतला? घोडा मारायचा ना."

म्हटलं, "बसल्या बसल्या तह नको होता."

"हं," म्हणाला. पेनचं टोपण लावलं. "थंडीये. आईला स्वेटर घाल म्हणावं." आणि घोटीवरून कसाऱ्याकडे जाणारी एसटी गाठायला निघून गेला.

घरी आले तर आई दारातच, वॉकर धरून. इतर कुणीही विचारतं कोण जिंकलं. तिने विचारलं, "कोण हरलं?"

"कुणीच नाही."

ती खुर्चीत बसली. गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या अख्ख्या कार्यालयात बरोबरीने एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

"मग ताटं?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.


सोम. १५

आईने त्याला फोन केला. मी कॉलेजात होते, प्र. घरून काम करत होता, त्याने सांगितलं ते असं. फोन स्पीकरवर होता कारण आईला बटणं दिसत नाहीत. ती म्हणाली, "ताटं राहिलीत तुमची. अण्णांचा नेम हाय. बरोबरी झाली तर दोघांनी मांडायची."

पलीकडे त्याच्या भातगिरणीचा आवाज. मग दादा म्हणाला, "बघतो."

"बघतो काय? शनवारी ये. वांग्याचं भरीत करायला लावते हिला."

"वर लय पायऱ्या हायेत आई."

"मला म्हाइती हाय किती हायेत," आई म्हणाली. "तू चढ. मला उतरता येत नाय."

प्र. म्हणतो त्यानंतर फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, दोघंही धरून बसले होते. शेवटी यानेच जाऊन बंद केला.

मला हे सुचायला हवं होतं. दोन वर्षं मी शब्द जुळवत बसले. दोनदा घोटीला जाऊन आले, वहिनीने चहा केला, भजी केली, तो गिरणीतून आलाच नाही. दरवेळी मनात तयार करून गेले होते की, दादा, आईनेच ठरवलं इथे राहायचं, मी पढवलं नाही. आणि दरवेळी परत येताना वाटलं, खरंच नाही? अण्णा गेले त्या महिन्यात तिच्यासमोर मी इथल्या डॉक्टरांचं, इथल्या भजनी मंडळाचं किती कौतुक केलं! ते पढवणं नाही, पण तिथलं कौतुक एकदाही केलं नाही हेही खरं.


बुध. १७

प्र.ने डाव मोबाइलमध्ये घातला. मी नको म्हणत होते, पण उठून गेले नाही.

हत्तीचा शह दिला असता तर काळ्याचा डाव सरळ जिंकलेला. ते ठाऊकच होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. त्याने उंट मागे घेतल्यावर धोका पूर्ण संपला होता, माझं एक प्यादं जास्त होतं आणि डाव चांगलाच माझ्याकडे झुकला होता. मोबाइल म्हणतो, पांढऱ्याने खेळायला हवं होतं.

प्र. म्हणाला, "म्हणजे आधी त्याने सोडलं, मग तू सोडलंस."

किंवा आधी त्याला दिसलं नाही, मग मला दिसलं नाही.

मला दिसलं होतं का? "हो" म्हणण्याआधी पटाकडे पाहिलं होतं, एवढं नक्की. काय दिसलं ते आता आठवताना मोबाइलने दाखवलेलं मिसळतंय. आज मी स्वतःला चांगली बहीण म्हणवून घेऊ शकते किंवा कच्ची खेळाडू. पुरावा कशालाच नाही. आणि गंमत म्हणजे त्याने फार बिघडत नाही. झोप लागते आहे.


शनि. २०

आला.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा आई सोफ्यावर सरळ होऊन बसली, पदर नीट केला, जणू पाहुणा. दारात दादा धापा टाकत उभा. हातात पिशवी. त्याने वाकून आईच्या पायांना हात लावला, आणि तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "चष्मा शोभत नाय तुला."

"आता घेतलाय तर वापरावा लागंल."

बस. एवढंच. मी भरिताची वांगी भाजायला पळाले, धूर डोळ्यांत गेला म्हणायला बरं.

जेवायच्या वेळी तो न सांगता स्वयंपाकघरात आला. खालचा एक खण ओढला, त्यात डबे. दुसरा ओढला, त्यात फडकी. "ताटं कुठं ठेवते गं मने?"

मने! मी दाखवला खण. तो एकेक ताट देत होता, मी पुसत होते. घोटीला असताना तो बरोबरी झाल्यावर नेहमी वाट्या मांडायचा आणि जड काम मला. आजही वाट्या त्यानेच घेतल्या.

मला राहवलं नाही. विचारलं, "हत्तीचा शह दिसला होता तुला?"

त्याने वाटी पुसली, खरं तर ती पुसलेलीच होती. म्हणाला, "मी उंट मागं घेतल्यावर तुझं काय होतं, ते तुला दिसलं होतं?"

मी पुढचं ताट पुसायला घेतलं.

"मग झालं तर," म्हणाला आणि वाट्या घेऊन बाहेर गेला.

जेवताना त्याने विषय काढला. थेट ताटाकडे बघत. आईला थोडे दिवस घोटीला नेऊ का? थंडीत तिथला तो पाऊस नसतो, घर तळमजल्यावर, अंगणात ऊन. वहिनीने खोली करून ठेवली आहे. पावसाच्या आत परत आणून सोडतो.

परत सोडतो म्हणतोय, पण आई तिथे रमली तर? मी तोंड उघडायच्या बेतात होते. इथले डॉक्टर, फिजिओथेरपी, हे सगळं पुन्हा जिभेवर आलं होतं. आलं होतं, हे लिहून ठेवते. गिळलं.

म्हटलं, "अंगणातलं ऊन चांगलं असतं तिथलं." हे मी पहिल्यांदा म्हणाले.

प्र. म्हणाला, मग सहा महिने इथे, सहा महिने तिथे, काय हरकत आहे.

आई म्हणाली, "मी काय गुण हाय का, अर्धा अर्धा वाटायला?"

दादाला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. तो हसत होता. आई मात्र गंभीर होती, दुसरं वाढ म्हणाली, आणि मग सावकाश, भाताकडे बघत, "पण ऊन लागंल गुडघ्यांना. येते."


सोम. २२

हलकं वाटतंय. ते का, हे उगाच तपासून बघू नये. पण सवय.

तपासलं. दादा वर आला म्हणून. आई त्याच्याशी फोनवर आता रोज बोलते, कुरकुरसुद्धा करते, म्हणजे सगळं ठीक. तिने माझ्या खोलीत कपडे काढून ठेवलेत, लुगडी घोटीला न्यायला आणि गाऊन इथेच. गाऊन इथेच ठेवलेत हे मी दोनदा मोजल्यासारखं पाहिलं. गाऊन ठेवले म्हणजे परत येणार, असा अर्थ काढला. मग वाटलं, घोटीला शेजारणींसमोर गाऊन नको वाटत असेल, एवढंच.


शुक्र. २६

दादाचा फोन. आईसाठी नाही, माझ्यासाठी. परवा रविवारी गाडी घेऊन येतो. "भाऊजींना म्हणावं कंबर कसून ठेवा. तिला उचलून खाली न्यायचं."

मग म्हणाला, "मने, तो उंट मागं घेतलास ना, ते बरोबर होतं."

"पटावर?"

"पटावर चूकच होतं," म्हणाला आणि ठेवला.


शनि. २७

आईची पिशवी भरली. औषधं, मफलर, भजनाचे टाळ. गुडघ्याचे पट्टे दोन, एक धुवायला टाकला तर दुसरा. डॉक्टरांकडून घोटीतल्या एका डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं, दादाला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

पिशवी भरताना आई म्हणाली, "तिथं तुझी आठवण यील."

म्हटलं, "मग परत ये."

"बघते," म्हणाली. दादासारखीच.

तीन मजले. प्र. आणि दादा दोघं मिळून नेणार, वळणावर मी वॉकर घेऊन पुढे. आई म्हणते तिला मिरवणुकीसारखं खाली न्या, वाजंत्री नको. नुसतं हातांवर धरलं तर वळणावर घसरायची भीती, बसवून न्यायला हवं. आपल्या खुर्च्यांना हात नाहीत.

उद्या : सकाळी शेजारून हाताची खुर्ची मागून आणणे.